मधाला न लागलेल्या मुंग्या

वैद्यांच्या घरात मुंग्या झाल्या होत्या आणि त्यांनी वैद्यीणबाईंच्या नाकी नऊ आणले होते. साध्या, बारीक, तांबूस मुंग्या. चावतही नव्हत्या बिचाऱ्या. पण सकाळी बाई मागच्या बोळात आल्या की भिंतीच्या कडेने दोऱ्यासारखी रांग चाललेली दिसायची आणि त्यांचा दिवस तिथेच नासायचा. हळद टाकून झाली. कापूर ठेवून झाला. दुकानातून तो पांढरा खडू आणून उंबऱ्यावर रेघा मारून झाल्या. मुंग्या दोन दिवस दबकल्या आणि तिसऱ्या दिवशी रेघेला वळसा घालून पुन्हा हजर.

गुन्हेगार कोण, याबद्दल बाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मधाची बरणी. त्या घरात मध चमच्याने नाही, पातेल्याने लागायचा. वैद्यांकडे येणाऱ्या दहांतले सहा जण वजन उतरवायला यायचे. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाच्या रक्तात चरबी वाढलेली, कुणाला दोन जिने चढले की धाप. त्यांना गुग्गुळाच्या गोळ्या मिळायच्या, आणि त्या घ्यायच्या कोमट पाण्यात मध घालून. जाड माणसाला मध कसा काय, हे प्रत्येक नवा पेशंट हटकून विचारायचा. जुना मध मेद खरवडून काढतो असं शास्त्रात सांगितलंय, हे वैद्य हटकून सांगायचे. आतल्या खोलीत बाईंना ते दोघांचं बोलणं पाठ झालं होतं. तर असा मध घरात, मग मुंग्या येणारच, नाही का? बाईंनी बरणी फडताळातून काढून ओट्यावर ठेवली, ओट्यावरून खिडकीत ठेवली, आणि शेवटी वैतागून पाण्याने भरलेल्या परातीत मधोमध बसवली. आता या म्हणावं पोहत.

घर तसं अरुंद आणि लांबलचक होतं. पुढे दवाखान्याची खोली. तिच्यात टेबल, वैद्यांची खुर्ची, पेशंटसाठी एक स्टूल आणि कोपऱ्यात वजनकाटा. मध्ये नुसतं लाकडी पार्टिशन, आणि त्यामागे औषधांची खोली, म्हणजे बाईंचं राज्य. तिथून स्वयंपाकघर, मग बोळ, आणि बोळाच्या टोकाला न्हाणीघर आणि संडास. वैद्यांनी नाडी बघायची, प्रश्न विचारायचे, औषध लिहायचं. ते औषध उकळणं, गाळणं, कुटणं आणि गोळ्या वळणं हे सगळं बाईंचं. एकतीस वर्षं झाली. गुग्गुळ हा प्रकार ज्याने कुटलाय त्यालाच माहीत. चिवट मेला. बत्त्याला चिकटतो, खलाला चिकटतो, बोटांना चिकटतो, तासन्‌तास कुटावं तेव्हा कुठे गोळी वळण्याइतका वठणीवर येतो. बाईंचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दिसण्याइतका भरलेला होता, आणि त्याचा त्यांना मनातून अभिमान होता.

बाकी सगळं ठीक होतं, एकच गोष्ट लोकांच्या डोळ्यांवर यायची. वैद्य स्वतः चांगले गरगरीत होते. वजन उतरवायला आलेला माणूस स्टुलावर बसायचा आणि समोर हे, टेबलाला पोट टेकून. लोक टोमणे मारायचे. वैद्य हसून म्हणायचे की रस्ता दाखवणारी पाटी स्वतः कधी गावाला जाते का? लोक हसायचे, पण पुढच्या वेळी त्यांतले निम्मे यायचे नाहीत. बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. औषध मी करते, खांदा माझा दुखतो, आणि नाव घालवतं यांचं पोट. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी हिरव्या झाकणाची एक बाटली घेतली, तिच्यात स्वतःच्या हाताने वळलेल्या एकशे वीस गोळ्या मोजून भरल्या, आणि नवऱ्यासमोर ठेवून बजावलं की आजपासून सकाळी दोन, संध्याकाळी दोन, कारणं सांगायची नाहीत, आणि संपली की मला सांगा, नवी भरून देते. वैद्य बरं म्हणाले. बाटली टेबलाच्या खणात गेली.

आणि खरंच, दीड-दोन महिन्यांत माणूस उतरायला लागला. आधी गाल बसले. मग मान दिसायला लागली. मग एक दिवस रांगेतलं कोणीतरी म्हणालं, वैद्य बारीक झाले, म्हणजे औषध आहे बुवा यांचं. ते एक वाक्य गावभर झालं. पूर्वी संध्याकाळी दहा-बारा माणसं असायची, आता पायऱ्या भरून रांग रस्त्यावर जाऊ लागली. बाई दुपारी आडवं होणं विसरल्या. गोळ्या वळता वळता बोटं आखडायची, पण मन कसं फुलून यायचं. नवऱ्याच्या कमरेचा एकेक इंच आपल्या खलातून गेलाय, असं त्यांना वाटायचं. बाटली भरून द्यायला त्यांनी मागितली नाही, तेव्हा बाई धरून चालल्या की मोठ्या डब्यातूनच घेत असतील. शेजारणीला त्यांनी चारचारदा सांगितलं. हे आता माझं ऐकतात म्हणून सांगितलं. इतकंच काय, हल्ली न्हाणीघर आणि संडाससुद्धा हेच धुतात, रोज पहाटे बादल्याच्या बादल्या ओततात, मला हात लावू देत नाहीत, हेही सांगितलं. शेजारीण म्हणाली, नशीब काढलंत.

वैद्य पाणी फार प्यायला लागले होते. टेबलावर तांब्या असायचा, त्याच्या जागी घागर आली. उकाडा आहे, बाईंना वाटलं. चष्म्यातून नीट दिसत नाही म्हणायचे. वय झालं, बाईंना वाटलं. बूट चावून अंगठ्याला जखम झाली होती, ती तीन आठवडे झाले तरी ओलीच होती. त्यावर बाईंनी स्वतःच्या हातचं मलम लावलं आणि वरून दोन शब्द सुनावले की पायांकडे लक्ष द्या. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. उत्तर नव्हतं ते फक्त मुंग्यांना.

त्या दिवशी सकाळपासून बाईंना कुठेच चैन पडत नव्हतं. परातीत पाणी होतं, पाण्यात बरणी होती, बरणीवर एक मुंगी नव्हती, आणि तरीही बोळात रांग चालूच. कुटायला बसल्या तर चार घाव घालून उठल्या. बोळात जाऊन बघून आल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. वैद्य बाजारात नवी जडीबुटी बघायला गेले होते.

तेवढ्यात शिंपी आला. शिंपी हा त्यांचा जुना पेशंट आणि त्याहून जुना मित्र. वैद्यांचे कपडे तोच शिवायचा, आणि वैद्यांच्या पोटावरचे निम्मे टोमणेही त्याचेच असायचे. स्वतः चांगला गोल. मशीनवर बसला की मशीन दिसत नाही, असं तोच सांगायचा. आठ महिने औषध घेऊन त्याचं वजन कसंबसं दोन किलो उतरलं होतं, तेही जोडे काढून मोजलं तर. आज तो वैद्यांची माप घेतलेली पँट दाखवायला आला होता. चार महिन्यांत तिसऱ्यांदा आत घेत होता.

संध्याकाळी तयार करून आणतो म्हणाला, पण जायचं नाव काढेना. खल उचलून बघितला, खाली ठेवला, डब्यांची झाकणं वाचली. शेवटी आवाज खाली आणून बोलला.

“वहिनी, एक विचारू? वैद्यराज जे घेतात ते मला द्या.”

“तेच तर देते तुम्हाला.”

“तेच दिलं असतं तर माझी पँटही आत घ्यावी लागली असती. मी टेप लावलाय त्यांच्या कमरेला. सेहेचाळीस होती, एकोणचाळीस झाली. औषधाने माणूस असा उतरत नाही हो, मला काय कळत नाही का? काहीतरी खास काढलंय तुम्ही घरच्यासाठी.”

बाईंना राग यायला हवा होता, पण हसू आलं. म्हणाल्या, थांबा, तुमच्या डोळ्यांनीच बघा. दवाखान्यात गेल्या, टेबलाचा खण उघडला, हिरव्या झाकणाची बाटली काढून आणली. ही बघा, हाच रंग, हाच वास, तुमच्या डब्यातली आणि ही शेजारी ठेवून बघा. शिंप्याने गोळी नाकाशी नेली, चिमटीत फिरवली आणि खट्टू होऊन परत दिली. बरं, संध्याकाळी येतो म्हणाला, आणि गेला.

गोळी परत आत टाकायला गेल्या तर ती दाबून बसवावी लागली. काठोकाठ भरली होती. बाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी बाटली ताटात पालथी केली आणि मोजायला बसल्या. दहा-दहाचे ढीग केले. बारा ढीग झाले. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. एकशे वीस. सहा महिन्यांत या माणसाने एक गोळी तोंडात टाकली नव्हती.

मोठ्या डब्यातून घेत असतील, हा विचार पुन्हा डोकं वर काढायला लागला, पण तो त्यांनी स्वतःच दाबला. मोठ्या डब्यातली गोळी न् गोळी पेशंटच्या पुडीत जाताना त्यांच्या हातातून जात होती. म्हणजे औषध घेतलंच नाही. जेवणात कमी केलं म्हणावं तर उलट दोन घास जास्तच खात होते, आणि दुपारी पुन्हा भूक लागली म्हणायचे. मग सात इंच गेले कुठे?

त्या उठल्या आणि उगाच बोळात आल्या. मन थाऱ्यावर नसलं की त्या हल्ली मुंग्यांकडेच यायच्या, तशी सवयच लागली होती. पण आज त्यांनी फडकं उचललं नाही, नुसती रांग बघितली. मागच्या दाराच्या फटीतून मुंग्या आत येत होत्या. इतके दिवस बाईंनी दारापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच बघितलं होतं, कारण आत ओट्यावर मध होता. आज त्या रांगेबरोबर चालत गेल्या. रांग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आली, आणि आत न वळता सरळ पुढे गेली. मधाची बरणी पाच हातांवर होती, परातीशेजारी सांडलेला मधाचा एक ओघळही होता, पण एकाही मुंगीने तिकडे तोंड वळवलं नव्हतं. बोळाच्या टोकाला संडासाचं दार होतं. रांग त्या दाराखालून आत गेली होती. आत, जिथे पहाटेच्या बादल्यांचं पाणी पोचलं नव्हतं त्या कोपऱ्यात, भांड्याच्या कडेला मुंग्यांची नुसती झुंबड उडाली होती.

बाई दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. पार्टिशनपलीकडून एकतीस वर्षं ऐकलेला प्रश्न त्यांच्या कानात वाजला. भूक कशी आहे, तहान कशी आहे, झोप लागते का, आणि मग आवाज जरा खाली आणून, लघवीला मुंग्या येतात का? लघवीतून साखर जायला लागली की मुंग्या येतात. मधुमेहाची ही खूण शास्त्रात हजार वर्षांपासून लिहिलेली आहे. लोक लाजायचे, काही हसायचे, आणि कुणी हो म्हटलं की वैद्य औषध द्यायचे नाहीत, खणातून लॅबची चिठ्ठी काढायचे, आधी रक्त तपासून या म्हणायचे. हा प्रश्न बाईंनी स्वतः झोपेत विचारला असता. आणि तीन महिने त्या मुंग्यांवर खडूच्या रेघा मारत बसल्या होत्या. मध घरात असला म्हणजे असं होतं.

तहान, चष्मा, अंगठा, बसलेले गाल, पहाटेच्या बादल्या, एकेक गोष्ट पुढे येऊन उभी राहिली आणि बाईंची पाचावर धारण बसली. त्या तिथेच उंबऱ्यावर खाली बसल्या. भीती वाटत होती आणि रागही येत होता, आणि त्यातलं आधी कुठलं आवरावं ते कळत नव्हतं. पहाटेच्या बादल्या! म्हणजे त्यांना ठाऊक होतं. धुऊन टाकत होते. मी बघू नये म्हणून धुऊन टाकत होते, आणि मी मेली शेजारणीला कौतुक सांगत होते.

वैद्य साडेचारला आले. दवाखाना पाचला उघडायचा, पण दाराबाहेर पायऱ्यांवर माणसं आत्ताच कुजबुजत होती. घाम पुसत आत आले तर त्यांच्या खुर्चीवर बायको बसलेली. समोर कोरा केसपेपर, हातात पेन.

“बसा,” बाई म्हणाल्या.

“कुठे?”

“स्टुलावर. पेशंट कुठे बसतात?”

वैद्य हसायला गेले, पण बायकोचा चेहरा बघून हसू अर्ध्यावरच राहिलं. बसले. स्टुलावरून त्यांचे गुडघे वर आले आणि पँट कमरेपाशी फुगली. किती सैल होती ती. आठवड्यापूर्वीच हेच बघून आपण खूश झालो होतो, हे बाईंना आठवलं.

वैद्यांच्या गुरूंनी घालून दिलेला एक नियम होता. वैद्याने स्वतःची नाडी बघायची नाही आणि घरच्यांची बघायची नाही, कारण जीव अडकला की बोट खोटं बोलतं. वैद्यांनी तो नियम आयुष्यभर पाळला. बायकोला साधा ताप आला तरी दुसऱ्याकडे पाठवायचे. नाडी बघणं बाईंना येतही नव्हतं. पण प्रश्न येत होते. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली, वैद्य विचारतात त्याच क्रमाने. भूक कशी आहे, विचारलं. ठीक, वैद्य म्हणाले. झोप? बरी. तहान? उकाडा आहे ना. बाईंनी सगळं तसंच्या तसं लिहिलं. जो पेशंट सगळ्याला ठीक म्हणतो तो निम्मं लपवतो, हे वैद्यांचंच वाक्य होतं, जेवताना कितीदा तरी सांगितलेलं. मग बाईंनी आवाज जरा खाली आणला.

“लघवीला मुंग्या येतात का?”

बाईंनी हिरव्या झाकणाची बाटली काढून टेबलावर ठेवली, काठोकाठ भरलेली.

“तुला कधी कळलं?” वैद्यांनी विचारलं.

“आज. तुम्हाला?”

“तीन महिने झाले.”

मग ते बोलायला लागले, आणि एकदा लागले ते थांबेनात. पहिल्यांदा वजन उतरलं तेव्हा त्यांना स्वतःलाही बरंच वाटलं होतं. पायऱ्यांवर कोणीतरी म्हणालं की औषध लागू पडलं, तेव्हा ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत, नुसते हसले. तेवढंच केलं. मग लोक वाढले, आणि प्रत्येकाला तेच हसू द्यावं लागलं. ज्या दिवशी मुंग्या दिसल्या त्या दिवशी चिठ्ठी लिहून खिशात घातली होती. अजून खिशातच आहे. लॅबच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आले. बाहेर आपलेच पेशंट बसलेले असतात. वजनाचे वैद्य स्वतः साखरेने झडले, हे एकदा बाहेर पडलं की उद्या पायरीवर कुत्रं फिरकणार नाही. आणि खरं सांगायचं तर, वैद्य मान खाली घालून म्हणाले, मला भीती वाटते. मी माणसांना सांगत आलोय की घाबरू नका. कसं सांगत आलो कोण जाणे.

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यांनी ते पदराने पुसलं नाही, हाताने पुसलं, गुग्गुळाच्या वासाच्या हाताने.

“तुम्ही झिजत होतात, आणि मी माझ्या खलाला शाबासकी देत होते. मला इतकं मूर्ख बनवलंत तुम्ही.”

वैद्य म्हणाले, मला रविवारपर्यंत वेळ दे. दुसऱ्या गावी जाऊन तपासून येतो, कुणाला कळायला नको. अंगठ्याचं कसं करायचं, तेही बघतो. बाईंनी त्या अंगठ्याकडे बघितलं. मलमाखालून पट्टी पुन्हा ओली झाली होती. असे न भरणारे पाय घेऊन आलेली माणसं त्यांनी पार्टिशनपलीकडून ऐकली होती. त्यांतली काही पुढच्या वेळी कुबड्या घेऊन आली, हेही त्यांना माहीत होतं, आणि यांनाही.

“असा पाय घेऊन कुणी आला आणि रविवारपर्यंत थांबू का म्हणाला, तर तुम्ही काय सांगता?”

वैद्य पट्टीचं टोक चाचपत राहिले.

“सांगा ना.”

“आत्ता जा, सांगतो.”

“मग जा. आणि जाताना दारातल्या माणसांना तुमच्या पोटाचं खरं काय ते सांगून जा. तुम्ही तपासून येईपर्यंत मी खलाला हात लावणार नाही. आज नाही, उद्या नाही. बसू दे सगळ्यांना.”

पाच वाजले. दार उघडलं. सगळ्यांत पुढे शिंपीच होता, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली पँट. मागे वीस-पंचवीस माणसं, पायऱ्यांवर, कठड्यावर, रस्त्याच्या कडेला. वैद्य दारात उभे राहिले. रोज ते दारातून एकेकाला हाक मारायचे, आज हाक येईना म्हणून माणसं वर बघायला लागली. बाई त्यांच्या मागे, खांद्याआड उभ्या होत्या. वैद्यांच्या सदऱ्याची पाठ घामाने चिकटलेली त्यांना दिसत होती. तोंड उघडून त्यांनी एकदा मिटलं. आता काहीतरी भलतंच सांगतील, पोट बिघडलंय म्हणतील, असं बाईंना वाटलं.

“मी कुठलंच औषध घेतलेलं नाही,” वैद्य म्हणाले. “मी बारीक झालो ते आजाराने. मधुमेह असावा, तपासायला निघालोय. तुम्ही माझं पोट बघून आलात आणि मी तुम्हाला बघू दिलं. चूक झाली.”

रस्त्याच्या कडेची दोन माणसं हळूच वळून चालायला लागली. कठड्यावरच्या एका बाईने विचारलं, मग आमच्या गोळ्यांचं काय? वैद्य म्हणाले की तुमचं तुमच्या वजनकाट्यावर आणि रक्ताच्या रिपोर्टवर बघू, माझ्या पोटावर नको. ज्यांना यायचं नसेल त्यांनी येऊ नये, मी काही म्हणणार नाही. आणखी तिघं-चौघं गेली. बाकीची तशीच बसून राहिली, काय करावं ते न कळून.

शिंप्याचा चेहरा पार पडला होता. सकाळी खास औषध मागायला आलेला माणूस तो. वैद्यांना वाटलं आता हा चार शब्द सुनावणार, आणि ते ऐकून घ्यायच्या तयारीने उभे राहिले. शिंप्याने काखेतलं वर्तमानपत्र सोडलं. पँट काढली, पायरीवरच उलटी केली, आणि कमरेच्या आतली शिवण दोन्ही हातांनी ताणून वैद्यांपुढे धरली. आत कापडाच्या तीन घड्या होत्या, एकीवर एक, बारीक टाक्यांनी धरलेल्या.

“हे बघा. तिन्ही वेळा मी कापड कापलेलं नाही. बारीक झालेला माणूस परत भरतो, माझ्या धंद्यात हेच बघत आलोय, म्हणून आत दुमडून ठेवलं. मला मनातून फार लाज वाटत होती. तुमच्या औषधावर माझा इतकासुद्धा विश्वास नाही म्हणून.” त्याने घड्यांवरून अंगठा फिरवला. “सात इंच आहेत. परत भरलात की उसवून देतो.”

वैद्यांनी शिवणीला हात लावला आणि तो तसाच राहू दिला. शिंपी म्हणाला, चला, लॅब आठपर्यंत उघडी असते, मी येतो बरोबर, मलाही तपासून घ्यायचंच आहे आणि एकट्याने जायला माझीही फाटते. दोघं पायऱ्या उतरले. वैद्यांचा पाय अंगठा वाचवत पडत होता. शिंप्याने ते बघितलं आणि न बोलता त्यांचा दंड धरला.

बाई आत आल्या. केसपेपर टेबलावर होता, ठीक, बरी, उकाडा, एवढंच लिहिलेला. खाली छापलेला रकाना होता, किती उतरवायचं. एकतीस वर्षांत त्या रकान्यात दहा किलो, बारा किलो, वीस किलो असंच लिहिलं गेलं होतं. बाईंनी ‘उतरवायचं’ या शब्दावर रेघ मारली, वर ‘वाढवायचं’ लिहिलं, आणि पुढे आकडा घातला. सात इंच. मग दार लोटून त्या लॅबकडे निघाल्या, कारण त्या दोघांना एकटं सोडायचा त्यांचा अजिबात विचार नव्हता.